कुठल्या महिन्यात?

आमच्या ऑफिसात दुपारी एक वाजता डबे उघडले की भातसाहेब आपल्या डब्याचा वरचा कप्पा काढून टेबलाच्या मधोमध ठेवत आणि सांगत, "आज एकशे सत्तावीस आहे. घ्या." एकशे सत्तावीस म्हणजे सर्व्हे नंबर. त्या नंबरच्या शेतात पिकलेल्या तांदळाचा भात. कधी दोनशे चार असायचा, कधी एकोणसाठ. एकोणसाठ जरा चिकट होतो असं त्यांचं मत होतं. ते मत त्यांनी कशावरून बनवलं होतं देव जाणे, कारण ते स्वतः भाताला हात लावत नसत. त्यांना मधुमेह होता आणि डॉक्टरांनी भात बंद केला होता. ते आपली ज्वारीची भाकरी मोडत बसत आणि आम्ही भात कसा खातो ते चष्म्यावरून बघत. जेवण झालं की विचारत, "कसा होता?" आम्ही म्हणायचो, "छान होता." मग ते वहीत काहीतरी लिहून ठेवत.

भातसाहेब हे नाव सावंतने ठेवलेलं. सावंत माझ्या शेजारच्या टेबलावरचा ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा, कणकवलीकडचा, तोंडाने फटकळ. खरं नाव मी इथे सांगत नाही. त्या माणसाला स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं आवडलं नसतं, आणि आवडलं असतं तरी त्यांनी आधी प्रूफ तीन वेळा तपासायला मागितलं असतं.

तो काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. शहराचा विकास आराखडा नव्याने करायचा होता. कुठे घरं, कुठे बाजार, कुठे कारखाने आणि कुठे काहीच बांधायचं नाही, हे पुढच्या वीस वर्षांसाठी ठरवायचं. त्यासाठी आधी उपनगरांत जमिनीचा तुकडा न् तुकडा पायी फिरून बघायचा, आज तिथे काय आहे ते वहीत लिहायचं आणि नकाशावर रंगवायचं. घरांना पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. जिथे काहीच नाही तिथे वहीत 'रिकामी जागा' लिहायचं आणि नकाशावर पांढरं सोडायचं. पांढरं म्हणजे पुढे जाऊन पिवळं, हे ऑफिसात कोणी कोणाला शिकवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. मी बावीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली. आम्हीही नुकतेच गिरगावातून कांदिवलीला राहायला आलो होतो. बाथरूम घरात होतं. आई पहिले सहा महिने उगाचच मध्ये मध्ये जाऊन नळ सोडून बघायची.

भातसाहेब आमचे वरिष्ठ सर्व्हेअर. बारीक, उंच, पायात कॅनव्हासचे बूट, हातात बारा महिने छत्री. डिसेंबरात छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं. "कुत्र्यांसाठी," म्हणाले. पण कुत्रं दिसलं की छत्री काखेत मारून ते स्वतःच माझ्या मागे येऊन उभे राहत. मला ते पहिल्या दिवसापासून 'अहो बाई' म्हणत. शिपायालाही अहो, पानवाल्यालाही अहो. एकदा शेतात वाटेत आडव्या बसलेल्या म्हशीला त्यांनी "अहो, जरा सरकता का?" म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

त्यांच्या टेबलाच्या तिन्ही खणांत काड्यापेट्या होत्या. रिकाम्या काड्यापेट्या ते सगळ्या ऑफिसकडून गोळा करत. प्रत्येकीवर लाल शाईने सर्व्हे नंबर आणि आत त्या शेतातलं चिमूटभर भात, सालीसकट. उंदीर यायचे. उंदरांवरून एकदा मोठे साहेब स्वतः आले. मोठे साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. खण ओढून बघितला आणि म्हणाले, "हे सरकारी टेबल आहे की रेशनचं दुकान?" भातसाहेब शांतपणे म्हणाले, "पुरावा आहे सर." कशाचा पुरावा, ते त्यांनीही विचारलं नाही आणि ह्यांनीही सांगितलं नाही. काड्यापेट्या राहिल्या. उंदीरही राहिले.

आणि त्यांचा तो प्रश्न. कोणी काहीही सांगितलं की भातसाहेब आधी विचारत, "कुठल्या महिन्यात?" गोराईकडे हवा छान आहे म्हटलं, कुठल्या महिन्यात? मुलुंडच्या नाल्याला पाणी नाही, कुठल्या महिन्यात? सावंत लग्नासाठी मुलगी बघून आला आणि कौतुकाने सांगू लागला की मुलगी फार शांत आहे, एक शब्द बोलत नाही. भातसाहेबांनी नकाशावरून मान वर न करता विचारलं, "कुठल्या महिन्यात बघितलीत?" सावंत इतका चिडला की दोन दिवस त्याने त्यांचा भात खाल्ला नाही. पुढे लग्न झाल्यावर मात्र तो मला म्हणाला, "म्हातारो बरोबर विचारत होतो गो."

ह्या प्रश्नाचा जन्म माझ्या एका चुकीतून झाला. निदान मी तरी तसंच धरून चालते. त्याआधीही ते विचारत असतील, पण मला आठवत नाही.

बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे, एक वाडी माझ्याकडे दिली होती. मी मे महिन्यात गेले. ऊन असं की वही हातात धरवत नव्हती. समोर नुसती भेगाळलेली जमीन, मध्ये मातीचे बुटके बांध, पोरं क्रिकेट खेळतायत, एक बकरी बांधावर उभी. मी नंबर बघून लिहीत गेले, 'रिकामी जागा'. काही ठिकाणी कोपऱ्यात जमीन काळी झालेली दिसली, राख होती. मी हुशार मुलगी. शेरा मारला, 'कोपऱ्यात कचरा जाळल्याच्या खुणा'. नऊ ठिकाणी तसं दिसलं, नऊ ठिकाणी लिहिलं. घरी येऊन उसाचा रस प्यायले.

जूनमध्ये भातसाहेबांनी माझी वही तपासायला घेतली. बराच वेळ पानं उलटसुलट केली. मग मला बोलावलं.

"अहो बाई, हा कचरा कोण जाळतं?"

"वाडीतले लोक असतील सर."

"घरापासून इतक्या लांब येऊन?"

"वास येत असेल ना घरात."

"नऊ जण? आणि नऊही जण आपापल्या जमिनीचा नेमका कोपरा बघून?" त्यांनी वही मिटली. "मला काही समजत नाही. चला, बघून येऊ."

त्यांना काही समजत नाही हे ते फार सहज म्हणत. आमच्या ऑफिसात असं म्हणणारा दुसरा माणूस नव्हता. मी मात्र वैतागले होते, कारण बघून यायचं म्हणजे पुन्हा दोन बस आणि पाऊण तास चाल.

पोचलो तेव्हा पाऊस होऊन गेला होता आणि सगळीकडे चिखल होता. एकशे सत्तावीसच्या कोपऱ्यात, जिथे मी कचरा लिहिला होता तिथे, बोटभर उंचीची हिरवीगार दाट रोपं आली होती. बाकी सगळं शेत काळं आणि मध्येच ही एक हिरवी चटई. मी बघतच राहिले. भातसाहेबही बघत राहिले. नीट बघायला म्हणून आणखी दोन पावलं पुढे गेले आणि सरळ रोपांतच उभे राहिले.

"अरे ए! आंधळा हायस काय?"

बांधावरून एक बाई धावत आली. पन्नाशीची, काष्टा नेसलेली, हातात विळा. ती जानकीबाई. एकशे सत्तावीस तिचा. भातसाहेब एका पायावर उभे राहिले, दुसरा कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी तिनेच त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मग मी चाचरत विचारलं की मे महिन्यात इथे कचरा जाळला होता का. ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. खूप हसली.

"कचरा? अगं बाय, तो राब! पालापाचोळा नि शेण पसरून जमीन भाजतात, मग त्याच्यात बी टाकतात. भाजला नाय तर रोप कुठं काढू? तुज्या कागदावर?"

मी मान खाली घातली. लाज वाटली आणि रागही आला, कोणाचा ते नक्की सांगता येत नाही. आम्ही ज्याला कचरा म्हटलं ती त्या बायकांची वर्षाची पेरणी होती. माझ्या एका शेऱ्याने नऊ शेतं पांढरी झाली होती, म्हणजे उद्या पिवळी. भातसाहेबांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. तिथेच बांधावर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली, माझ्या 'रिकामी जागा'वर लाल रेघ मारली आणि मला म्हणाले, "लिहा. भातशेती. आणि पुढे महिना लिहा. जून." मग जानकीबाईला विचारलं, "अहो, तुमच्याकडे मागच्या सालचं थोडं भात असेल का? चिमूटभर?"

ती पहिली काड्यापेटी.

त्यानंतर ऑफिसची वाट लागली. भातसाहेबांनी जाहीर केलं की उन्हाळ्यात भरलेल्या एकाही वहीवर ते सही करणार नाहीत. प्रत्येक जमीन तीन वेळा बघायची, पावसाळ्यात, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. मोठे साहेब त्यांच्यावर किती ओरडले ते पार्टिशनच्या अलीकडे आम्ही ऐकत होतो. आराखडा रखडतोय, वरून फोन येतायत, शेतं शेतं काय लावलंय, मुंबईला घरं पाहिजेत. भातसाहेब म्हणत होते, "घरं पाहिजेतच सर. पण जिथे काही नाही तिथे. इथे आहे." आम्ही तीन-तीनदा फिरलो. सावंत म्हणायचा, "ह्यो माणूस आपल्या सगळ्यांका एक दिवस चिखलात उभो करतलो, बघ." म्हणेपर्यंत आम्हाला उभं केलेलंच असायचं.

आता कोणालाही वाटेल की हा माणूस शेतकऱ्याच्या घरातला, मातीची ओढ वगैरे. मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही. वडील गिरणीत, जन्म चाळीत, कोकणातलं घर कोणत्या तरी चुलत्याने कधीच आपल्या नावावर करून घेतलेलं. जोगेश्वरीला एका खोलीत एकटे राहायचे. दारात एक तुळस होती आणि तीही वाळलेली. भात आणि गवत ह्यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत सांगता येत नव्हता. जानकीबाई मुद्दाम गवत उपटून त्यांच्या हातात द्यायची, "साहेब, हे बघा, कसं काय आलंय?" आणि ते मन लावून बघून "छान आलंय" म्हणायचे.

मग हे सगळं का करता, असं मी त्यांना तीन वेगवेगळ्या वेळी विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, "एवढ्या मोठ्या शहराला जवळपास थोडं तरी पिकवता यायला नको का?" दुसऱ्यांदा म्हणाले, "नोकरी आहे बाई, नीट करायला नको?" तिसऱ्यांदा म्हणाले, "मला हिरवा रंग लावायला आवडतो." तिन्ही उत्तरं खरी असतील, किंवा एकही नसेल.

हिरव्या रंगाचं मात्र खरंच होतं. शीट रंगवायची वेळ आली तेव्हा बाकीचे रंग त्यांनी सावंतकडे सोपवले. हिरवा कालवायला स्वतः बसले. पातळ हात आधी, वाळू द्यायचं, मग दुसरा हात, म्हणजे डाग पडत नाहीत. खाडीच्या अलीकडचा पूर्ण पट्टा, बांधकामाला बंदी असलेला. पट्ट्याच्या अगदी टोकाचा एकशे सत्तावीस आला तेव्हा त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "तुम्ही पांढरा सोडला होतात. तुम्हीच भरा." मी भरला. वाळल्यावर त्यांनी शीट उजेडात धरली आणि खूश झाले. इतके खूश मी त्यांना पुन्हा कधी बघितले नाहीत.

आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, लोकांनी हरकती घेतल्या आणि पुढे त्यांच्या सुनावण्या सुरू झाल्या. एकशे सत्तावीसची हरकत होती. अर्जदार, जानकीबाईचा मुलगा भालचंद्र.

समितीचे तीन साहेब समोर बसलेले. भातसाहेब आणि मी बाजूला शीटांच्या गुंडाळ्या घेऊन उभे. आम्हाला बोलायची परवानगी नव्हती, फक्त मागितली ती शीट उलगडून दाखवायची. भालचंद्र तिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट, फाइल व्यवस्थित लावलेली. जमिनीत शेती होत नाही, पडीक आहे, आमच्या तीन बाजूंना पिवळा दाखवलाय मग आम्हालाच हिरवा का, असा अर्ज. जोडीला मोठा करून आणलेला फोटो. भेगाळलेली जमीन, क्रिकेट खेळणारी पोरं. मला वाटलं, माझ्या मे महिन्याच्या वहीचाच कोणीतरी फोटो काढून आणलाय.

"बघा ना साहेब. ह्यात शेती कुठाय?"

समितीचे साहेब फोटो एकमेकांकडे देऊ लागले. माना हलायला लागल्या होत्या. आणि भातसाहेब, ज्यांना बोलायची परवानगी नव्हती, ते म्हणाले, "कुठल्या महिन्यात काढलाय?"

भालचंद्र फाइल चाळू लागला. समितीचे साहेब रागाने इकडे वळले. पण मागच्या बाकावर जानकीबाई बसली होती. मुलाने तिला अंगठा द्यायला आणलं होतं. ती उठून उभी राहिली आणि तिच्या सवयीने मोठ्यांदा म्हणाली, "वैशाखात काढलाय. माज्या म्होरं काढला. मी म्हटलं पन, आता कशाला काढतंस, श्रावणात काढ, चांगला येईल."

सगळे हसले. ती हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. आपण मुलाच्या अर्जावर पाणी फिरवलं हेही तिला त्या क्षणी कळलं असेल असं मला वाटत नाही. की कळून सवरून बोलली? हरकत फेटाळली गेली. एकशे सत्तावीस हिरवा राहिला.

बाहेर जिन्यात भालचंद्रने आम्हाला अडवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमचं काय जातं? आमच्या बाजूच्यांनी जागा दिल्या, त्यांची पोरं आज दुकानं टाकून बसलीत. मी काय जन्मभर चिखलात उभा राहू? आई अजून किती वर्षं लावणी करणार, सांगा ना. तुमच्या कागदावर हिरवं दिसायला पाहिजे म्हणून?" मग माझ्याकडे वळला. "तुम्ही कुठे राहता मॅडम?"

"कांदिवलीला."

"बिल्डिंगमध्ये?"

"हो."

"तिथे आधी काय होतं?"

भातसाहेब छत्रीच्या मुठीकडे बघत होते. भालचंद्र आईला हाताला धरून जिना उतरून गेला.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, आपली बिल्डिंग व्हायच्या आधी इथे काय होतं हो?" बाबा पेपर वाचत होते. "काही नव्हतं गं. नुसती रिकामी जागा होती. मी स्वतः येऊन बघून गेलो ना."

"कुठल्या महिन्यात?"

"एप्रिलमध्ये. आमच्या शाळेला सुट्टी लागल्यावर. का?"

मी "काही नाही" म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मला भालचंद्रचाही राग येत नव्हता आणि भातसाहेबांचाही. नुसता गोंधळ झाला होता डोक्यात, आणि तो खरं सांगायचं तर अजून तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी भातसाहेबांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमच्या आईला सांगू नका," एवढंच म्हणाले. त्या दिवशी डब्यात कोणत्या नंबरचा भात होता ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं एकशे सत्तावीसच्या तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहत गेल्या. तिथे पिवळाच रंग होता, नियमाने सगळं बरोबर होतं. बिल्डरांनी भराव टाकून आपापल्या जमिनी उंच करून घेतल्या. जानकीबाईच्या शेतातलं जास्तीचं पाणी एका लहानशा ओहळाने खाडीला जायचं, आणि तो ओहळ शेजारच्या पिवळ्या जमिनीतून जात होता. तो भरावाखाली गेला. मग पावसाचं पाणी आलं तेव्हा त्याला जायला वाटच राहिली नाही. पहिल्या वर्षी भात कुजलं. दुसऱ्या वर्षीही कुजलं. तिसऱ्या वर्षी तिने राबच भाजला नाही.

भातसाहेबांनी ओहळासाठी आमच्याच ऑफिसला पत्रं लिहिली. एक, दोन, पाच. स्वतः लिहायची, स्वतः आवक-जावकला नेऊन द्यायची आणि मग ती फिरून त्यांच्याच टेबलावर अभिप्रायासाठी यायची. बिल्डरने पाइप टाकलाय असं एकदा उत्तर आलं. पाइप होता, पण त्याचं तोंड शेतापेक्षा हातभर उंच होतं. आम्ही बघायला गेलो तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे राहून पाइपाकडे बघत होते, छत्री उघडायचीही विसरले होते. परत येताना म्हणाले, "शेताला रंग दिला बाई. पाण्याच्या वाटेला द्यायचा राहिला." मी म्हटलं, सर, ती जमीन आपल्या पट्ट्यातच नव्हती, तुम्ही काय करणार होतात? ते म्हणाले, "बघितली तर होती ना. तिन्ही वेळा बघितली." मला त्यांची फार कीव आली, आणि मग कीव केल्याची लाज वाटली.

त्यांच्या निवृत्तीला पंधरा दिवस राहिले होते तेव्हा जानकीबाई ऑफिसात आली. एकटीच, दोन बस बदलून. ती आता चांगलीच वाकली होती. दारात शिपायाने अडवलं तर म्हणाली, "ते भाताचं रोप तुडवणारे साहेब कुठं हायत?" भातसाहेब लगबगीने उठले, स्वतःची खुर्ची तिला दिली.

मला वाटलं, भांडायला आली असेल. ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "साहेब, भालू सांगतो, तुमच्या कागदावर माजं शेत अजून तसंच हाय. खरं काय?"

"खरं आहे."

"मला बघायचंय."

मी शीट आणून टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर काड्यापेट्या ठेवल्या. जानकीबाईला नकाशा समजत नव्हता. भातसाहेबांनी खाडी दाखवली, रस्ता दाखवला, मग बोट सावकाश आणून एकशे सत्तावीसवर ठेवलं. दोन हात दिलेला, एक डाग नसलेला हिरवा.

"हे माझं?"

"हे तुमचं."

"सगळं?"

"बांधापासून बांधापर्यंत."

तिने त्यावर तळहात ठेवला. तिचा हात त्या तुकड्यापेक्षा मोठा होता, सगळं झाकलं गेलं. बराच वेळ तसाच ठेवला. मग हात उचलून तिने अगदी साधेपणाने विचारलं, कसलाही टोमणा नव्हता, त्यांच्याचकडून सुनावणीत ऐकलेलं ती विसरली नव्हती एवढंच, "साहेब, हे कुठल्या म्हयन्यातलं हाय?"

भातसाहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. मीच म्हटलं, "श्रावणातलं. खूप वर्षांपूर्वीच्या."

"व्हय," ती म्हणाली. "तवा चांगलं यायचं."

भातसाहेबांनी खण उघडून एकशे सत्तावीसची काड्यापेटी काढली आणि तिच्या हातात दिली. तिने उघडून भाताचे दाणे बोटाने परतले. "किडलंय," म्हणाली. तरी पेटी मिटून कनवटीला लावली. चहा नको म्हणाली, शेवटची बस चुकेल म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर भातसाहेब मला म्हणाले, "बाई, तुमची ती पहिली वही काढा." रेकॉर्डमधून शोधून आणली. धुळीने शिंका आल्या. त्यांनी पान काढलं. माझ्या बावीस वर्षांच्या वळणदार अक्षरात 'रिकामी जागा', त्यावर त्यांची लाल रेघ, पुढे 'भातशेती. जून'.

ते पानाकडे बघत बसले. सावंत घरी गेला, पंखे बंद व्हायला लागले. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि 'भातशेती'च्या खाली, त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं, 'रिकामी जागा'. पुढे महिना लिहिला, 'सप्टेंबर', आणि खाली पूर्ण सही केली.

सप्टेंबरात भात पोटरीला आलेलं असतं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. एव्हाना ते मलाही माहीत होतं.